शिक्षक आणि विद्यार्थी, दोघांना एकाच वेळी दिसणारा फंडस: स्मार्टफोनने नेत्रतपासणी शिकवण्याविषयी

नेत्रविभागात नुकत्याच रुजू झालेल्या एका सहायक प्राध्यापकांनी असे विचारले आहे: एका तुकडीत पंचवीस विद्यार्थी असतात, पोस्टिंग चार आठवड्यांचे असते आणि चालू स्थितीतला डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत पाहण्याचे हाती धरायचे उपकरण) एकच आहे, अशा वेळी एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना डोळ्याची तपासणी स्मार्टफोनच्या मदतीने शिकवावी का, शिकवायची तर कोणत्या क्रमाने, आणि त्यामुळे मूळ कौशल्य मागे पडून परीक्षेत अडचण येईल का? मी सोलापुरात अनेक वर्षे नेत्रशास्त्र शिकवत आहे आणि अलीकडची काही वर्षे हीच पद्धत वापरत आहे, म्हणून थोडे विस्ताराने उत्तर देते.

शिकवावी, हे माझे स्पष्ट मत आहे. मात्र फोन स्वस्त पडतो किंवा मुलांना आवडतो म्हणून मी हे म्हणत नाही. १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोपची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाचा फंडस, म्हणजे दृष्टिपटलासह डोळ्याच्या आतला मागचा भाग, पाहता येऊ लागला. पण तो एका वेळी एकालाच. विद्यार्थी उपकरणाला डोळा लावतो, शिक्षक शेजारी उभे राहून ‘डिस्क दिसली का’ असे विचारतात (डिस्क म्हणजे दृष्टीची नस डोळ्याला जिथे जोडलेली असते ती गोल जागा), विद्यार्थी ‘हो’ म्हणतो, आणि तो होकार खरा आहे की संकोचापोटी दिलेला आहे हे कळायला शिक्षकांकडे काहीही साधन नसते. इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपला (मध्ये भिंग धरून थोड्या अंतरावरून फंडस पाहण्याच्या उपकरणाला) शिकवणीचा आरसा जोडता येतो हे खरे, पण तो बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरताच राहतो. फोनच्या पडद्यावर मात्र जे विद्यार्थ्याला दिसते तेच त्याच क्षणी मलाही दिसते, मागे उभ्या असलेल्या चौघांना दिसते आणि रुग्णालाही दाखवता येते. नेत्रतपासणीच्या शिक्षणात फोनने काही नवे आणले असेल तर ते हेच.

एका अंतर्गत परीक्षेत पूर्ण पिकलेला मोतीबिंदू असलेल्या एका आजोबांचा तोच डोळा तपासून तीन विद्यार्थ्यांनी ‘फंडस नॉर्मल’ असे लिहिले. त्या डोळ्याच्या बाहुलीत पांढऱ्याशुभ्र भिंगापलीकडे काहीही दिसणे शक्य नव्हते. मी त्यांना रागावू शकले नाही, कारण संपूर्ण पोस्टिंगमध्ये त्यांच्यापैकी कोणी फंडस खरोखर पाहिला आहे का, याची खात्री मी एकदाही करून घेतली नव्हती. पुढे डॉक्टर झाल्यावरही हे असेच राहते. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डोकेदुखी, दृष्टीची तक्रार, अतिरक्तदाब अशा कारणांनी आकस्मिक विभागात आलेल्या ३५० रुग्णांपैकी फक्त ४८ जणांचा फंडस तिथल्या डॉक्टरांनी पाहिला होता, आणि कॅमेऱ्याने सर्वांचे फोटो काढले तेव्हा ४४ जणांच्या फंडसमध्ये महत्त्वाचा दोष सापडला. साधनसंपन्न रुग्णालयात ही स्थिती असेल, तर ज्या मुलीने विद्यार्थिदशेत डिस्क धड पाहिलेलीच नाही ती उद्या करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता उलट्या करणाऱ्या, डोके धरून बसलेल्या रुग्णाची डिस्क पाहील, ही अपेक्षा आपण कशाच्या आधारावर करायची?

आता क्रमाविषयी. पहिल्या आठवड्यात फोनने डोळ्याच्या आत पाहायचेच नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळते. सहा मीटरवरून एकेका डोळ्याची दृष्टी मोजणे, कमी असेल तर पिनहोल (बारीक छिद्राची चकती) लावून पुन्हा मोजणे, टॉर्चच्या उजेडात पापणी, बुबुळ (कॉर्निया, डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) आणि बाहुली नीट पाहणे, बाहुलीची प्रतिक्रिया एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर टॉर्च नेत तपासणे, एवढे हाताला बसल्याशिवाय पुढे जाऊ नये. दृष्टी मोजण्यासाठी ‘पीक अक्युइटी’सारखी ॲप आहेत, केनियातील नाकुरू भागात त्यांची तपासणी होऊन तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले आहेत. त्यांत इंग्रजी ‘ई’ अक्षराचे पाय कोणत्या दिशेला आहेत हे रुग्णाने हाताने दाखवायचे असते, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या रुग्णासाठी ती उपयोगी पडतात. तरीही भिंतीवरच्या तक्त्यावर हात बसल्यावरच ॲप द्यावे. नाहीतर अंतर मोजण्याची सवय कायमची सुटते.

बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी दोन गोष्टी केल्याच पाहिजेत, आणि घाईच्या ओपीडीत नेमक्या त्याच राहतात. एक म्हणजे बाहुलीची प्रतिक्रिया नोंदवून ठेवणे, कारण थेंबांनंतर ती खूण त्या दिवसापुरती नाहीशी होते. दुसरी म्हणजे कानाच्या बाजूने टॉर्च आडवा धरून नाकाकडच्या आयरिसवर (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर) सावली पडते का ते पाहणे. सावली पडत असेल तर पुढचा कप्पा उथळ आहे असे समजावे आणि ज्येष्ठांना विचारल्याशिवाय थेंब घालू नयेत. अशा डोळ्यात काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. डोक्याला मार लागून दाखल झालेल्या रुग्णाच्या बाहुल्यांवर तर मज्जाशल्य विभागाचे सतत लक्ष असते, तिथे विद्यार्थ्यांच्या सरावासाठी थेंब कधीच घालू नयेत.

डोळ्याच्या पुढच्या भागासाठी फोन लगेच वापरायला द्यावा. ज्याला विभागात सगळे ‘ट्वेंटी डी’ म्हणतात ते २० डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या शक्तीचे एकक) भिंग फोनच्या कॅमेऱ्यासमोर जवळ धरले की ते साधे मोठे करून दाखवणारे भिंग होते, आणि बुबुळावरची जखम, टेरिजियम (बुबुळावर वाढणारा मांसल पडदा), आयरिसचे चिकटलेले कोपरे चांगले टिपता येतात. आपल्या भागात ऊसतोडीच्या आणि ज्वारीच्या काढणीच्या हंगामात पात लागून बुबुळाला जखम झालेले शेतकरी आणि मजूर येतात. अशा जखमेत बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका मोठा असतो. त्या जखमेचा पहिल्या दिवशीचा, तिसऱ्या दिवशीचा आणि आठव्या दिवशीचा फोटो शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना दाखवला, तर जखम भरते आहे की पसरते आहे हे ओळखण्याची जी नजर तयार होते, ती व्याख्यानातून होत नाही.

रेड रिफ्लेक्सही याच टप्प्यावर शिकवावा. अंधाऱ्या खोलीत हातभर अंतरावरून फोनचा दिवा लावून दोन्ही बाहुल्यांतली लाली एकाच वेळी पाहायची आणि एकमेकींशी ताडून पाहायची. एका बाहुलीत लालीऐवजी पांढरेपणा दिसला तर जन्मजात मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा (लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग) या शक्यता वगळल्याशिवाय मूल घरी पाठवायचे नाही. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला रेटिनोब्लास्टोमा होता. घरच्या जुन्या फोटोंत तो पांढरेपणा निदानाच्या आधीपासून दिसत होता हे लक्षात आल्यावर त्यांनी असे फोटो शोधणारे ॲप तयार केले. विद्यार्थ्यांना मी एवढेच बजावते की, मूल तिरके पाहत असताना प्रकाश डिस्कवरून परतला तरी बाहुली पांढरी दिसू शकते, आणि याउलट फोटोत लाली नीट दिसली म्हणून डोळा निरोगी ठरत नाही.

फंडससाठी बाजारात दोन तऱ्हेची साधने आहेत. पहिल्या तऱ्हेत फोनच्या कॅमेऱ्यावर बसणारा छोटा जोड असतो, जो डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपसारखे काम करतो. ‘पीक रेटिना’ आणि इटलीत तयार झालेला ‘डी-आय’ ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या तऱ्हेत फोनचा दिवा आणि कॅमेरा इनडायरेक्टची जागा घेतात आणि मध्ये २० डायॉप्टरचे भिंग असते. विद्यार्थ्यांसाठी मी दुसरी तऱ्हा निवडली. ते भिंग विभागात आधीच असते, वेगळी खरेदी लागत नाही, आणि एका नजरेत डिस्क, मॅक्युला (दृष्टिपटलाचा मध्यभाग) आणि रक्तवाहिन्यांच्या कमानी दिसत असल्यामुळे फंडसचा नकाशा डोक्यात पक्का बसतो. डायरेक्टने चित्र सुमारे १५ पट मोठे दिसते, पण क्षेत्र जेमतेम ५ अंशांचे असते. नवख्या विद्यार्थ्याला ते एखाद्या फटीतून आख्खे सिद्धेश्वर मंदिर पाहण्यासारखे वाटते.

पहिला सराव रुग्णावर नव्हे, तर खोक्यावर करावा. आम्ही तो खोका विभागातच तयार करतो. ट्रायल सेटमधले (चष्म्याचा नंबर काढण्याच्या भिंगांच्या पेटीतले) +२० चे भिंग झाकणात बसवायचे आणि त्याच्यापासून बरोबर ५ सेंटिमीटरवर, म्हणजे त्या भिंगाच्या नाभीय अंतरावर, तळाशी फंडसचा छापील फोटो चिकटवायचा. असा ‘डोळा’ चष्म्याचा नंबर नसलेल्या डोळ्यासारखा वागतो. खऱ्या डोळ्याची शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते आणि आपल्या खोक्याची २०, म्हणून फोटो तिप्पट मोठा छापावा लागतो: खरी डिस्क साधारण दीड मिलिमीटरची, तर फोटोतली साडेचार मिलिमीटरची. झाकणावर काळ्या कागदाची बाहुली लावायची, आधी ८ मिलिमीटरची आणि हात बसला की ४ मिलिमीटरची. चार-पाच खोक्यांत वेगवेगळे फंडस ठेवले, म्हणजे एकात सुजलेली डिस्क, एकात मधुमेहाचे रक्तस्राव, एकात खोल गेलेला कप (डिस्कच्या मधला खोलगट भाग), तर विद्यार्थ्याने खरेच काही पाहिले आहे का हे लगेच कळते.

हाताच्या ठेवणीवर शिक्षकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा. फोन एका हातात, पडदा आपल्या डोळ्यांसमोर. भिंग दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत, त्याची अधिक फुगीर बाजू आपल्याकडे, आणि त्याच हाताची करंगळी किंवा अनामिका रुग्णाच्या कपाळावर टेकलेली. ते बोट टेकले नाही तर भिंग हलते, आणि भिंग हलले की सगळेच हरवते. आधी भिंगाशिवाय बाहुली पडद्याच्या मध्यभागी आणावी, तिच्यात लाली भरली की भिंग डोळ्याच्या जवळ आणावे आणि मग हळूहळू आपल्याकडे ओढावे. साधारण ५ सेंटिमीटरवर बाहुलीची कड नाहीशी होते आणि संपूर्ण भिंग केशरी उजेडाने भरते. त्या क्षणी विद्यार्थ्याचा श्वास अडकतो आणि हातही थिजतो. तेव्हा ‘थांब, आता फक्त फोन पुढेमागे कर’ एवढेच सांगावे. भिंगावरचे दिव्याचे दोन चमकते ठिपके मध्ये येत असतील तर भिंग किंचित तिरके करावे. उजव्या डोळ्याची डिस्क हवी असेल तर रुग्णाला तपासणाऱ्याच्या उजव्या कानाकडे पाहायला सांगावे, डाव्यासाठी डाव्या कानाकडे.

फोटो न काढता व्हिडिओ घ्यावा, कारण त्यात दिवा सतत पेटता राहतो आणि नंतर चांगली चौकट निवडता येते. फोकस आणि उजेड पडद्यावर बोट दाबून धरून पक्के करावेत, उजेड बराच खाली आणावा आणि साधारण दुप्पट झूम ठेवावा. नव्या फोनमध्ये तीन-चार कॅमेरे असतात आणि वस्तू जवळ आली की फोन स्वतःच कॅमेरा बदलतो. ती सोय आधी बंद करावी. दिवा आणि मुख्य कॅमेरा जितके शेजारी शेजारी असतील तितके चित्र चांगले येते, त्यामुळे महागड्या फोनपेक्षा एखादा जुना साधा फोन पुष्कळदा सरस ठरतो. दिव्याच्या धोक्याविषयी पालक आणि रुग्ण विचारतात. त्या काळच्या आयफोनच्या दिव्याचे मोजमाप २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि ते सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या बरेच खाली होते. तरी प्रत्येक फोनचा दिवा सारखा नसतो, म्हणून आम्ही दिव्यावर मायक्रोपोरची (जखमेवर लावायच्या कागदी चिकटपट्टीची) एक पट्टी लावतो आणि एका डोळ्यावर एका वेळी एक मिनिटापेक्षा जास्त थांबत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात आणखी एक अडचण येते: खोली तापलेली, फोनचा दिवा सतत चालू, त्यामुळे फोन गरम होऊन दिवा आपोआप मंदावतो किंवा बंद पडतो. दोन फोन आलटून पालटून वापरावेत.

चित्र उलटे दिसते, वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे. फोनमध्ये ते एका क्षणात सुलटे करता येते, पण पहिले काही दिवस तसे करू देऊ नये. विद्यार्थ्याने जर्नलची वही उलटी धरून जसे दिसते तसे काढावे, धमन्या लाल आणि शिरा निळ्या रंगवाव्यात, आणि मग वही सुलटी करून डिस्क नाकाकडे आली का ते पाहावे. चित्र काढताना नजर जिथे थांबते तिथेच रक्तस्राव सापडतात. नुसता व्हिडिओ पाहणारा विद्यार्थी ते सहज ओलांडून जातो.

हे सगळे ज्यांच्या डोळ्यांवर चालते त्यांच्याविषयी आता लिहिले पाहिजे. आपल्याकडे शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या कित्येक स्त्रिया विड्या वळतात आणि त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. थेंब घातले की काही तास जवळचे धूसर दिसते आणि उन्हात डोळे दिपतात, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. केवळ विद्यार्थ्यांच्या सरावासाठी कोणाचीही बाहुली मोठी करू नये. मधुमेहाच्या वार्षिक तपासणीसाठी किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांना थेंब घालावेच लागणार आहेत, त्यांनाच विनंती करावी, आणि एका रुग्णाकडे तीन-चारच विद्यार्थी पाठवावेत. घरी जाताना सोबत कोणी आहे का, दुचाकी स्वतः चालवणार नाहीत ना, हे विचारणे विद्यार्थ्याच्याच कामाचा भाग धरावा. परवानगी रुग्णाच्या भाषेत घ्यावी. सोलापुरात शिकायला आलेल्या विदर्भातल्या किंवा कोकणातल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी चार वाक्ये पाठ करायला लावते: तेलुगूत वर बघा म्हणजे ‘पैकि चूडंडि’, खाली बघा म्हणजे ‘किंदिकि चूडंडि’, कन्नडमध्ये ‘मेले नोडि’ आणि ‘केळगे नोडि’. आपल्या भाषेत सांगितले की रुग्णाची मान सैल पडते आणि डोळा स्थिर राहतो.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका विडी कामगार मावशींचा फंडस एका विद्यार्थिनीने टिपला. मॅक्युलाजवळ पिवळसर ठिपक्यांचे कडे आणि त्याभोवती लाल ठिपके होते. मावशी आठ वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या अधूनमधून घेत होत्या आणि ‘मला तर दिसतंय की’ म्हणून लेसरला नकार देत होत्या. त्या मुलीने पडदा त्यांच्यासमोर धरला, आधी दुसऱ्या एका निरोगी डोळ्याचा नाव नसलेला फोटो दाखवला आणि मग त्यांचा स्वतःचा. मावशी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांनी फक्त विचारले, ‘हे माझ्या डोळ्यात हाय व्हय?’ पुढच्या आठवड्यात मावशी आपल्या मुलाला सोबत घेऊन उपचारांसाठी आल्या.

म्हणूनच त्या चित्राच्या मालकीविषयी काटेकोर असले पाहिजे. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या फोनवर रुग्णाचा एकही व्हिडिओ नको. विभागाचा स्वतंत्र फोन असावा, त्यात सिमकार्ड नसावे, फोटो आपोआप इंटरनेटवर साठवण्याची सोय बंद असावी आणि फाइलला नावाऐवजी क्रमांक द्यावा. चौकटीत चेहरा येऊ नये. व्हॉट्सॲपच्या गटावर ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून फोटो फिरवण्याची सवय आपण शिक्षकांनीच मुलांना लावलेली आहे आणि ती आपणच मोडली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर त्याबाबत बेफिकिरी चालणारच नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी थोडक्यात. बेंगळुरूच्या रेमिडिओचा फोनवर आधारित कॅमेरा आणि इंटरनेटशिवाय चालणारी त्याची मधुमेही दृष्टिपटलदोष ओळखणारी प्रणाली यांची मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत चाचणी झाली असून तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. चाळणी तपासणीसाठी अशा प्रणाली उपयोगाच्या आहेत. शिकवताना मात्र विद्यार्थ्याने स्वतःचे निदान वहीत शाईने लिहिल्यानंतरच यंत्राचे उत्तर उघडावे. उलट क्रमाने केले तर तो फक्त यंत्राशी सहमत व्हायला शिकतो.

राहिला परीक्षेचा आणि मूळ कौशल्याचा प्रश्न. डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप सोडून देऊ नये. बाहुली मोठी न करता, वॉर्डातल्या खाटेजवळ, मोठ्या झालेल्या चित्रात डिस्कच्या कडा पाहण्यासाठी तो आजही उपयोगाचा आहे, आणि बाह्य परीक्षक तोच हातात देतील अशीच शक्यता जास्त आहे. माझा अनुभव असा आहे की, ज्याने फोनवर डिस्क दहा-बारा वेळा ओळखली आहे त्याला डायरेक्टमध्ये नेमके काय शोधायचे आहे हे माहीत असते. रक्तवाहिनीच्या फांद्या जिथे एकत्र येतात त्या दिशेने सरकायचे, हे त्याला सांगावे लागत नाही. म्हणून चौथा आठवडा मी पूर्ण डायरेक्टसाठी राखते. ज्या रुग्णाचा फंडस विद्यार्थ्याने सकाळी फोनवर पाहिला नाही, अशाच रुग्णाचा डोळा तो डायरेक्टने पाहतो आणि कप-डिस्कचे प्रमाण कागदावर लिहून देतो. त्यानंतर मी त्याच डोळ्याचा फोनवर व्हिडिओ घेते आणि तो कागद त्या चित्राशेजारी ठेवून आम्ही दोघे मिळून तपासतो. आपल्याकडे असलेला एक चालू डायरेक्ट या पद्धतीने पंचवीस जणांना पुरतो. मात्र त्याचा एक जादा बल्ब आजच मागवून ठेवावा.